गंगाचा तिसरा शब्द

“सुरू? घराच्या अंगणात?” गुरुप्रसादने हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला. “काका, सुरू अंगणात कोण लावतो ओ? तो समुद्रावर लावतात, वारा अडवायला. मी नर्सरीत ठेवीन कशाला?”

महिपत कुळ्ये मान खाली घालून उभा राहिला. समोर काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा होत्या आणि त्यांत जास्वंदीपलीकडे त्याच्या ओळखीचं काही नव्हतं. छत्तीस वर्षं त्याने रत्नागिरी शहरात पाणी सोडायचं काम केलं होतं. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी टाकून तो सायकलवरून फिरायचा आणि कोणत्या आळीला किती वाजता पाणी यायचं ते त्याच्या मनगटावर ठरायचं. गावभरच्या बागा भिजवणाऱ्या ह्या गृहस्थाच्या दारात मात्र तुळशीखेरीज पान नव्हतं. घर शहराच्या हद्दीबाहेर, उघड्या कातळावर. तिथे पाणी एक दिवसाआड, आणि तेही दुसऱ्याने सोडलेलं.

“माज्या मंडळीनं मागितलान,” तो म्हणाला. “तिच्या अंगावरना वारां गेलां माघात. बोलत नाय. तीनच शब्द हायत तिच्याजवळ. त्यातला एक ह्यो.”

गुरुप्रसादचा स्वर उतरला. तो आतल्या बाजूला गेला आणि कमरेइतकं उंच, खाली रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं एक गर्द हिरवं झाड घेऊन आला.

“मग हा घ्या. हा सुरू नाही, सरू. एका उकाराचाच काय तो फरक. गिऱ्हाईक सायप्रस म्हणतं ह्याला. बंगलोरहून गाडी येते. पान गळत नाही, फूल नाही, फळ नाही, कचरा नाही. बारा महिने हिरवा. लावलात त्या दिवसापासून शोभा.”

महिपतने झाडाला हात लावला. पान असं म्हणायला काही नव्हतंच, नुसत्या बारीक हिरव्या वाती.

“पण खरं सांगू का?” गुरुप्रसाद म्हणाला. धंदेवाईक असला तरी मुलगा मनाने चांगला होता. “आजारी माणसाच्या खिडकीपुढे लावायचं ना? मग फुलझाड लावा. हे सोनचाफ्याचं कलम बघा, आत्ताच कळ्या धरल्यात. नाहीतर हा अनंत. वास येतो, एखादं पाखरू येतं, पडल्या पडल्या माणसाला रोज काहीतरी नवीन बघायला मिळतं. सरूकडे आज बघितलं काय नि सहा महिन्यांनी बघितलं काय, तो आपला तसाच.”

महिपत एकदा चाफ्याकडे बघत होता, एकदा सरूकडे. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका आला तर काही खरं नाही, आणि तो कधी येईल ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर चाफ्याचं फूल आलं. सकाळी उमललेलं, संध्याकाळी तपकिरी पडलेलं, दुसऱ्या दिवशी मातीत. खिडकीकडे तोंड करून पडलेल्या बाईने दिवसभर तेच बघायचं का? आणि कातळात चाफा धरलाच नाही, डोळ्यांदेखत वाळत गेला, तर तेही तिनेच बघायचं.

“फुलां गळतात,” तो म्हणाला. “मना बदलनारां झाड नको. सरू द्या.”

चाव्या फिरवून फिरवून त्याला एक सवय लागली होती. कुणाला काय, किती आणि कधी, हे आपणच ठरवायचं, आणि समोरच्याने बादली धरायची. त्यात दुष्टावा काडीचा नव्हता. घरातही लग्नापासून हेच चालत आलं आणि घरातल्या बाईने कधी तक्रार केली नाही, म्हणून आपलं ठीक चाललंय अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याची बायको गंगा अठ्ठावीस वर्षं कारखान्यात काजू फोडायच्या कामाला होती. काजूच्या टरफलातलं तेल बोटांत मुरून तिच्या तळव्यांची कातडी काळी पडली होती, सोलत होती. सकाळी आठला जायची, सहाला यायची आणि आल्या आल्या चुलीपुढे बसायची. तिने साडी अशी हवी, बांगडी तशी हवी असं कधी म्हटलं नाही. माघातल्या एका सकाळी ती पाण्याचा हंडा उचलायला वाकली आणि तशीच आडवी झाली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं संपलं. शमिका, त्यांची एकुलती मुलगी, लांज्याला दिलेली; ती येऊन महिनाभर राहिली आणि मुलांच्या परीक्षा आल्या म्हणून परत गेली. तोवर गंगाला दोन शब्द परत आले होते. ‘हां’ आणि ‘नको’.

तिसरा शब्द आला तो शिमग्याच्या तोंडावर. एका सकाळी तिने डावा हात उचलून खिडकीकडे केला आणि म्हणाली, “सुर.” मग हात मागे डोक्याकडे नेला आणि पुन्हा म्हणाली, “सुर… सुर…” पुढचं काही जिभेवर येईना. ओठ हलत राहिले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

महिपतला वाटलं, डोकं खाजतंय. त्याने फणी आणून तिचे केस विंचरले. दुसऱ्या दिवशी परत तेच. खिडकी, डोकं, सुर. त्याने परत केस विंचरले, तेल लावलं, वेणी घातली. ती “नको, नको” म्हणत राहिली, पण ती तर औषधालाही नको म्हणायची.

चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुरू. भाट्याचा सुरू. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा एका रविवारी त्याने गंगाला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं होतं. सुरूच्या बनात दोघं दुपारभर बसली होती. वर वारा घोंगावत होता, तिच्या पदरावर सुरूच्या काड्या पडत होत्या आणि ती एकेक वेचून त्याच्या टोपीत टाकत होती आणि हसत होती. महिपतच्या आयुष्यात असे दिवस फार नव्हते. म्हणून हा एक त्याने जपून ठेवला होता आणि कुणाला कधी बोलून दाखवला नव्हता. तिनेही तो जपला असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्या सकाळी तो परसात गेला आणि हुंदके देऊन रडला. नंतर तोंड धुऊन त्याने शमिकाला फोन लावला.

“आय तुजी सुरू मागत्ये,” तो म्हणाला. “भाट्याचा. आमचां हाय त्यात कायतरी. तुला नाय कळायचां.”

मग तो पहार घेऊन खिडकीसमोर गेला. कातळावर झाड लावायचं म्हणजे आधी कातळ फोडायचा. त्रेसष्टाव्या वर्षी, एका माणसाने, पहारेने. दोन हात खोल खड्डा पडायला अकरा दिवस लागले. शेजारचे म्हणाले, ब्रेकरवाला बोलव, तासाचं काम. त्याने ऐकलं नाही. गंगाला घाव ऐकू येत होते आणि प्रत्येक घाव आपण तिच्यासाठी घालतोय हे तिला कळावं असं त्याला वाटत होतं. मधूनच तो खिडकीत येऊन सांगायचा, “आनतोय हां गो. सुरूच आनतोय.” ती मान जोरात हलवायची, डावा हात डोक्यामागे न्यायची. तो घाम पुसून परत खड्ड्यात उतरायचा.

नर्सरीतून आणलेला सरू त्याने लाल माती आणि शेणखत घालून लावला, आळं केलं, बादलीभर पाणी दिलं. मग आत येऊन गंगाच्या पाठीमागे उशी दिली आणि तिला उठवून बसवलं.

“बघ गो. सुरू नाय मिळाला. पन त्याचाच भाऊ हाय. भाट्ये आठवता ना?”

गंगा झाडाकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे बघितलं. त्याचे तळवे फोडांनी भरलेले होते, नखं लाल झाली होती. तिने डावा हात त्याच्या तळव्यावर ठेवला, “हां” म्हणाली आणि डोळे मिटले. त्या दिवसानंतर ती ‘सुर’ म्हणायची बंद झाली. महिपतला वाटलं, मिळालं तिला हवं ते.

शमिका आली ती एप्रिलच्या मध्यावर. पिशवी खाली ठेवून ती आधी आईजवळ बसली, तोंडावरून हात फिरवला, आणि मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, “हा काय तुमचा सुरू?”

“सरू,” महिपत म्हणाला. “बारमाही हिरवा. एक पान गळत नाय.”

शमिका आईचे केस सोडवायला बसली. वेणी मोकळी करून तिने नेहमीसारखा अंबाडा बांधला. अंबाडा बांधून झाला तसा गंगाचा डावा हात हळूहळू वर आला, अंबाड्याभोवती बोटं गोल फिरली, आणि किती दिवसांनी ती परत बोलली. “सुर.”

शमिकाचा हात थांबला.

“बाबा,” ती म्हणाली, “ही सुरू नाय म्हणत. सुरंगी म्हणत्ये.”

“सुरंगी?”

“सुरंगीच्या फुलांचा वळेसर. केसात माळायला.”

गंगाने मान हलवली. “हां,” ती म्हणाली. “हां, हां, हां.” आणि इतके दिवस अडकलेलं रडणं मोकळं झालं.

महिपत भिंतीला टेकला. “तिनं कदी माळलान नाय. माज्या बघन्यात नाय. कदी मागितलान नाय.”

“तुमच्या बघण्यात कसं येईल?” शमिका म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिने वर बघितलं नाही. “दर वर्षी माळायची. कारखान्यात एक पावस गावची बाई होती, ती सुरंगी घेऊन यायची. आई कामावर गेल्या गेल्या माळायची आणि दिवसभर ठेवायची. मी शाळेतून सुटून कारखान्याच्या गेटवर जायची आणि आम्ही दोघी चालत यायचो. आपला चढाव सुरू होतो ना, तिथे करवंदीची जाळी आहे. तिथे आली की वळेसर काढायची आणि जाळीवर टाकायची. मी विचारायची, घरी का नाय आणत? तर म्हणायची, तुज्या बाबांचां डोकां दुखतां वासानं.”

“मी कदी बोल्लो असां?”

“मी जन्मायच्या आधी, तिनेच सांगितलं मला. तुम्ही रात्रपाळी करून आला होतात आणि ती सुरंगी माळून बसली होती. तुम्ही म्हणालात, काढ ती, घरात असला वास नको, डोकं फुटतंय. तिने काढली.”

महिपतने आठवून बघितलं. भाट्याची एकूण एक काडी त्याला आठवत होती, पण ही सकाळ आठवेना. रात्रपाळीनंतर डोकं दुखायचं हे खरं. तो बोलला असेल. पाइप फुटला, चावी अडकली, झोप झाली नाही, असल्या कुठल्याशा वैतागात तोंडातून गेलं असेल आणि झोपून उठल्यावर तो विसरला असेल. आणि ह्या बाईने ते एक वाक्य अडतीस वर्षं पाळलं होतं.

“रागावलेली वगैरे नव्हती ओ ती,” शमिका म्हणाली. “हसत काढायची.”

तिने रागाने काढली असती तर बरं झालं असतं असं महिपतला वाटलं. मग दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली. ती सुर म्हणायला लागली तेव्हा फाल्गुन होता. गोळ्या आणायला तो आठवड्यातून दोनदा रामआळीत जात होता आणि रस्त्याच्या कडेला फुलवाल्या टोपल्यांत सुरंगीचे पिवळे सर घेऊन बसलेल्या होत्या. तो वास त्याच्या नाकातही गेला असणार. तो त्यांच्या पुढ्यातून घाईने निघून घरी यायचा, कारण कातळ फोडायचा होता.

त्याच दुपारी तो गुरुप्रसादकडे गेला.

“सुरंगीचां झाड हाय? सरू उपटून टाकतंय. खड्डा तयार हाय.”

गुरुप्रसादने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. “रोप आहे काका. वीतभर आहे. पण सुरंगीला फूल यायला दहा-बारा वर्षं जातात. कातळावर जास्तच. आणि सरू कशाला उपटताय, बिचारा जगलाय ना?”

“जगलाय,” महिपत म्हणाला. “त्याला काय धाड भरल्ये.”

तिथून तो रामआळीत आला. टोपल्यांत मोगरा होता, अबोली होती. तो एकेकीला विचारत गेला. सुरंगी आता कुठली, शिमग्याबरोबर गेली, पुढच्या साली या, असं सगळ्याच म्हणाल्या. शेवटची टोपली मथुरा नावाच्या म्हातारीची होती. तिनेही तेच सांगितलं. पण हा मनुष्य पुढे जाईना, नुसता टोपलीकडे बघत उभा राहिला, तेव्हा तिने विचारलं, “कोनाला रे हवी?”

त्याने सांगितलं. सगळंच सांगितलं, स्वतः बोललेलं वाक्यसुद्धा. बाजारात उभ्या उभ्या, परक्या बाईला.

मथुरा काही वेळ मोगऱ्याच्या कळ्या ओवत राहिली. “उद्या सकाळी ये,” ती मग म्हणाली. “माज्या ट्रंकेत साड्यांत एक सुकी हाय ठेवलेली. सुरंगी सुकली तरी वास नाय सोडीत. पान्याचा नुसता शिपका मारायचा, भिजवायची नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कागदाची पुडी आणली. आत तपकिरी पडलेला, बोटभर जाडीचा वळेसर होता. शमिकाने पाणी शिंपडलं, आणि वास आला. अडतीस वर्षांत त्या घरात न शिरलेला तो वास सगळ्या खोलीभर झाला. महिपतचं डोकं दुखलं नाही.

त्याने पुडी शमिकाच्या हातात दिली आणि आपण दाराआड थांबला. शमिकाने आईला उठवून बसवलं, अंबाडा बांधला, वळेसर गोल फिरवून आकडा लावला. गंगाने डोळे मिटले. तिने श्वास आत घेतला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. वाकडं झालेलं तोंड त्या वेळी फारसं वाकडं दिसत नव्हतं.

मग महिपत दाराआडून पुढे झाला. “बरां वाटतां गो?”

गंगाने डोळे उघडले. त्याला बघितलं मात्र, तिचा डावा हात झटकन डोक्यामागे गेला. बोटांना जमत नव्हतं तरी तिने ओढून ओढून, आकड्यासकट, चार केसांसकट वळेसर काढला आणि उशीखाली सरकवला. “नको,” ती त्याला म्हणाली. “नको, नको.” पकडली गेल्यासारखी ती त्याच्याकडे बघत होती.

“घाल गो,” महिपत म्हणाला. “माजां डोकां नाय दुखत.”

“हां,” ती म्हणाली. हात उशीवरच होता.

“खरांच नाय दुखत. मीच आनलाय. चुकलां माजां, गंगे.” लग्न झाल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. “घाल. मना बघू दे.”

शमिकाने उशीखालून वळेसर काढून परत माळला. गंगाने परत काढला. तिला समजत नव्हतं असं नाही; त्याचं प्रत्येक वाक्य ऐकून ती हां म्हणत होती, त्याची समजूत काढल्यासारखी. पण तो समोर आहे तोवर हात काही ऐकेना. तिसऱ्यांदा एक फूल तुटून गादीवर पडलं, तशी महिपतने शमिकाला खूण केली.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “मी जरा भायेर जाऊन येतंय.” आणि गंगाला ऐकू जाईल असं दार ओढून घेतलं.

तो पडवीच्या पायरीवर बसला. ऊन चढत होतं. आतून शमिकाचा हलका आवाज आला, “गेले ते आई. घाल आता.” नंतर गंगा काहीतरी गुणगुणल्यासारखी करत होती, शब्द नव्हते, नुसता आवाज. तो तिचा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

एक वाजता शमिका दारात आली. “बाबा, जेवायला चला. झोप लागल्ये तिला.”

“केसात हाय?”

“आहे.”

“मग नको. जागी झाली नि मी दिसलो तर परत काढील.”

शमिका आत गेली. मग तिने ताट बाहेर आणून दिलं आणि तो पायरीवर बसून जेवला. हात धुतल्यावर तो म्हणाला, “माजी वळकटी तेवडी दे हिकडं. नि कांबळां.”

तिने आतून अंथरूण आणून दिलं. महिपतने पडवीचा कोपरा झाडला आणि खिडकीतून दिसणार नाही अशा बाजूला ते पसरलं.